पाच वर्षांची लिंकन आणि दुरुस्तीचा डबा: प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर २०२४, नोव्हाय, मिशिगन

काल घरी गणपती बसले. आज दुपारी मोदकांची सुस्ती उतरल्यावर ही वही उघडली, कारण गाडीचा विषय आता आणखी पुढे ढकलण्यासारखा राहिलेला नाही. आमची २०१४ ची जपानी सेडान कुरकुर न करता चालते; पण परवा आई-बाबा पुण्याहून आले आणि विमानतळावरून घरी पोहोचल्यावर मागच्या आसनावरून उतरताना आईला दाराची चौकट धरून दोनदा दम घ्यावा लागला. दुसरे कारण जरा लाजिरवाणे आहे. डेट्रॉइटच्या गाड्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत मी चौदा वर्षे नोकरी करतो आहे आणि त्या गाड्यांपैकी एकही माझ्या दारात कधी उभी राहिलेली नाही.

प्रकल्पाच्या अटी अशा ठरल्या. गाडी सेडानच हवी, कारण उंच एसयूव्हीत चढणे आईच्या गुडघ्यांना मानवत नाही. ती अमेरिकी आणि आलिशान हवी, म्हणजे व्यवहारात कॅडिलॅक किंवा लिंकन. विजेवरची गाडी या वेळी नको, कारण आमच्या वसाहतीत घरोघरी चार्जर बसवण्याची सोय अजून झालेली नाही. नवी घ्यायची की वापरलेली, हा प्रश्न मात्र मुद्दाम उघडा ठेवला आहे. बायकोचा कल नवीकडे आहे: "दुसऱ्याने वापरलेली गाडी आणून तू दर शनिवारी तिच्याखाली पडून राहणार असशील, तर मला ती नको." बाबांनी एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत ३१ वर्षे काढली आहेत. त्यांनी मत दिले नाही. गाडी पाहायला जाशील तेव्हा मला सोबत ने, एवढेच सांगितले.

१४ सप्टेंबर

आज नवी कॅडिलॅक सीटी-५ पाहिली. ही गाडी इथून तासाभराच्या अंतरावर, लॅन्सिंगमधल्या ग्रँड रिव्हर कारखान्यात बनते, आणि २०२५ च्या मॉडेलमध्ये चालकासमोर ३३ इंची पडदा आला आहे. लिंकनच्या शोरूममध्ये नवी गाडी पाहायला जाण्याचा प्रश्नच नव्हता. लिंकनने २०२० मध्ये अमेरिकेतल्या सेडान बंद केल्या. आता कोर्सेअर, नॉटिलस, एव्हिएटर आणि नॅव्हिगेटर या चारही एसयूव्हीच आहेत, आणि त्यांतली नॉटिलस तर २०२४ च्या मॉडेलपासून चीनमधल्या हांगझोऊ येथून येते.

काचेवरच्या कागदावर किंमत ५६,२०० डॉलर होती. सिनेटर मनरोनी यांनी आणलेल्या १९५८ च्या कायद्यामुळे प्रत्येक नव्या गाडीवर हा कागद चिकटवावाच लागतो आणि मूळ किंमत, प्रत्येक जादा सोयीचा दर, वाहतूक खर्च हे सगळे त्यावर छापावे लागते. बाबांनी चष्मा काढून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि आपल्याकडच्या 'ऑन-रोड' किमतीपेक्षा हे बरे, असा शेरा मारला. पुरवठादार कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना मिळणारी सवलत धरून आकडा ५३,७०० वर आला. ही सवलत फक्त नव्या गाडीवर मिळते. त्यावर मिशिगनचा ६ टक्के विक्रीकर म्हणजे ३,२२२ डॉलर.

गाडी चालवायला सुरेख आहे, याबद्दल वाद नाही. छत मागे उतरते असल्यामुळे आईला मान वाकवून आत शिरावे लागले, हे मात्र नोंदवून ठेवतो. घरी येऊन मी घसाऱ्याचा, म्हणजे वापरामुळे उतरणाऱ्या किमतीचा, हिशेब मांडायला बसलो. अमेरिकी आलिशान सेडानचा घसारा जोरात होतो, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे; त्यामागचे एक कारण असे की या गाड्यांचा मोठा भाग तीन वर्षांच्या लीजवर जातो, आणि लीज संपली की सारख्याच वयाच्या, सारख्याच सोयींच्या पुष्कळ गाड्या एकदम बाजारात उतरतात. पहिल्या माणसाचे नुकसान तो दुसऱ्याचा फायदा, असे सरळ वाटते खरे, पण बाबांनी मध्येच विचारले, "भाड्याने घेतलेल्या गाडीचं तेल कोण मनापासून बदलतं रे?" हा प्रश्न वहीत लाल शाईने लिहून ठेवला आहे.

२१ सप्टेंबर

आजचा पूर्ण दिवस वापरलेल्या गाड्यांच्या अभ्यासात गेला. तीन नावे उरली: लिंकन कॉन्टिनेंटल (२०१७ ते २०२०), कॅडिलॅक सीटी-६ (२०१६ ते २०२०) आणि लिंकन एमकेझी. टाउन कारचा मोह झाला होता. भक्कम चौकटीवर बसवलेली ती जुन्या पद्धतीची गाडी आमच्या शेजारच्या विक्समच्या कारखान्यात २००७ पर्यंत आणि नंतर कॅनडात सेंट टॉमस येथे २०११ पर्यंत बनत होती. पण तिची सर्वांत तरुण गाडीसुद्धा आता तेरा वर्षांची आहे, आणि त्यांतल्या कितीतरी विमानतळाच्या भाड्यावर उभे आयुष्य झिजलेल्या आहेत.

कॉन्टिनेंटलमध्ये तीन इंजिने येत असत, आणि वापरलेली घेणाऱ्याने रंगाआधी इंजिन पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे. ३.७ लिटरचे व्ही-६ हे टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) नसलेले, साधे आणि वरवर पाहता सर्वांत निर्धोक इंजिन. परंतु ते आडवे बसवलेल्या गाड्यांमध्ये त्याचा पाण्याचा पंप इंजिनच्या पुढच्या झाकणाच्या (टायमिंग कव्हरच्या) आत असतो आणि झडपांची वेळ सांभाळणाऱ्या साखळीवर (टायमिंग चेनवर) फिरतो. पंप म्हातारा होऊन गळू लागला, तर इंजिन थंड ठेवणारे पाणी, म्हणजे कूलंट, थेट इंजिनच्या तेलात उतरू शकते. आणि पंप बदलायचा म्हणजे इंजिनचा पुढचा सगळा भाग उघडायचा, त्यामुळे पंपाच्या किमतीच्या कितीतरी पट मजुरी होते. २.७ लिटरच्या दोन टर्बोंच्या व्ही-६ मध्ये पंप बाहेर आहे. टर्बोंची संभाव्य डोकेदुखी वेगळी असली, तरी ती निदान दिसते आणि ऐकू येते. ३.० लिटरचे ४०० अश्वशक्तीचे इंजिन आमच्या कामाचे नाही. तेव्हा कॉन्टिनेंटल घेतलीच तर २.७ ची.

भागांचाही विचार केला. कॉन्टिनेंटलचा सांगाडा फोर्ड फ्यूजन आणि एमकेझी यांच्या घराण्यातला असल्यामुळे यांत्रिक भागांची पुढची काही वर्षे ददात पडणार नाही. पुढचे दिवे, क्रोमच्या पट्ट्या, दारांच्या कड्या ही मंडळी मात्र त्याच एका गाडीची आहेत. एक हेडलाइट फुटला तर दुरुस्तीचे बिल गाडीच्या नव्या किमतीच्या हिशेबाने येणार, जुन्या किमतीच्या नव्हे.

२८ सप्टेंबर

सीटी-६ ची पाहणी. गाडी २०१८ ची, काळी, ३.६ लिटरची, ५२,००० मैल झालेली. इतिहासाचा अहवाल कोरा होता, म्हणजे अपघाताची एकही नोंद नव्हती.

रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र मी सोबत नेले होते आणि ते पहिल्याच पत्र्यावर आंधळे ठरले. सीटी-६ चे बाहेरचे पत्रे ॲल्युमिनियमचे आहेत आणि माझे स्वस्तातले यंत्र फक्त लोखंडावर चालते; बॉनेटवर टेकवले तर पडद्यावर नुसती आडवी रेघ. विक्रेत्याला हसू आवरेना. दुपारी सहकाऱ्याचे दोन्ही धातूंवर चालणारे यंत्र उसने आणून पुन्हा गेलो. बॉनेटवर, छतावर आणि उजव्या बाजूच्या दोन्ही दारांवर आकडा ११० ते १३० मायक्रॉन येत होता, कारखान्यातल्या रंगाचा येतो तसा. डाव्या मागच्या दारावर तो एकदम ३४० झाला, आणि त्यामागच्या पत्र्यावर २९०. म्हणजे ही बाजू कुणीतरी डेंटिंग-पेंटिंग करून परत उभी केली होती, आणि बिल विम्याकडे न नेल्यामुळे अहवालात त्याचा मागमूस नव्हता. बाबांनी दाराचे रबर बोटाने मागे सरकवून खालची रंगाची कड दाखवली. तिथे चिकटपट्टीची सरळ रेघ स्पष्ट उमटलेली होती. विक्रेत्याने "मला काहीच कल्पना नव्हती" असे सांगितले, ते कदाचित खरेही असेल. ॲल्युमिनियमची दुरुस्ती कोणी, कशी केली हे कळायला मार्ग नसताना ती गाडी घेणे शक्य नव्हते.

२ ऑक्टोबर

एमकेझी पाहिली आणि दहा मिनिटांत सोडली. डॅशबोर्डखालच्या जोडणीला कोड वाचण्याचे यंत्र लावले, तेव्हा एकही दोष दिसला नाही. पण गाडी स्वतःची जी तपासणी करते, तिच्यातल्या चार बाबींसमोर 'अपूर्ण' असे येत होते. बॅटरीची तार काढली किंवा दोषांचे कोड मुद्दाम पुसले की असे होते, आणि पुन्हा काही दिवस गाडी चालवल्याशिवाय त्या बाबी पूर्ण होत नाहीत. कोड का पुसले, हे विचारल्यावर समाधानकारक उत्तर मिळाले नाही. मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची सक्तीची नियमित तपासणी नाही, त्यामुळे असल्या गोष्टी घेणाऱ्यानेच शोधाव्या लागतात.

गेल्या आठवड्यात हेलीन वादळाने उत्तर कॅरोलिना आणि पूर्व टेनेसीत पूर आणला. पुढचे वर्षभर तरी दक्षिणेतून आलेल्या गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाचे डाग पाहायचे, असे ठरवले आहे.

६ ऑक्टोबर

सापडली, असे म्हणायला हरकत नाही. लिंकन कॉन्टिनेंटल रिझर्व्ह, २.७ लिटर, चारही चाकांना ताकद देणारी, गडद निळी, ४१,८०० मैल. मागणी २८,९०० डॉलर. चासी नंबरातले दहावे अक्षर 'के', म्हणजे २०१९ चे मॉडेल, आणि अकराव्या जागी ५, म्हणजे इथून पाऊण तासावरच्या फ्लॅट रॉकच्या कारखान्यात बनलेली. अहवालाप्रमाणे ती ऑगस्ट २०१९ मध्ये टेनेसीत विकली गेली, बरोबर ३६ महिन्यांनी परत आली आणि गेली दोन वर्षे मिशिगनमध्ये आहे. ३६ महिने आणि २९,००० मैल म्हणजे ती लीजवरच गेली होती, हे कुणी सांगायची गरज नाही. टेनेसीतली वर्षे मला उलट बरी वाटली, कारण तेवढे हिवाळे ती इथे बर्फासाठी रस्त्यांवर टाकतात त्या गंजवणाऱ्या मिठापासून वाचली.

बाबा गाडीभोवती एक शब्दही न बोलता फिरले. त्यांनी डिपस्टिक ओढली, तेल अंगठा आणि तर्जनीत चोळले, हुंगले आणि फडक्याला बोटे पुसली. मग टायरापाशी वाकून मला बोलावले. टायरच्या कडेवर लांबलचक अक्षरांच्या शेवटी चार आकडे लंबगोलात कोरलेले असतात. तिथे २३१९ असे होते, म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. चारही टायर तेच. "नक्षी आहे, पण रबर वाळलंय," बाबा म्हणाले, आणि नखाने खाचेतली बारीक चीर दाखवली. एअर फिल्टरच्या डब्यात वाळलेली पाने होती आणि ब्रेक फ्लुइडचा रंग चहासारखा झाला होता. इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलल्याच्या पावत्या मात्र सगळ्या होत्या. लीजवाल्याला करारामुळे जे करणे भाग होते ते त्याने केले होते. बाकी सगळे पुढच्यासाठी ठेवून तो निघून गेला होता. १४ तारखेच्या लाल शाईचे उत्तर मिळाले.

ग्लव्ह बॉक्समध्ये गाडीच्या पुस्तिकेत घडी घातलेला मूळ किमतीचा कागद सापडला: ५९,४०० डॉलर. म्हणजे मागणीच्या किमतीला धरले तरी पाच वर्षांत ३०,००० डॉलरहून अधिक झडले होते. आईने मागचे दार उघडले. तिथे ओढायची कडी नाही. खिडकीखालच्या चकाकत्या पट्टीच्या आतल्या बाजूला बोट लावले की दार विजेवर सुटते. ती आत बसली, पाय लांब केले आणि आपण आता घरी कधी जाणार, हे विचारायचे विसरली.

उद्या ओळखीच्या स्वतंत्र गॅरेजमध्ये १८० डॉलर देऊन पूर्ण तपासणी करून घेणार आहे.

१० ऑक्टोबर

तपासणीचा निकाल चांगला आला: खालच्या सांगाड्यावर वरवरचा गंज, मागचे ब्रेक पॅड जेमतेम वर्षभर टिकतील असे, बॅटरी मूळची आणि अशक्त, टर्बो आणि गिअरबॉक्स ठणठणीत. हा कागद आणि टायरांचा फोटो पुढे ठेवल्यावर किंमत २७,६०० वर आली.

मग त्या बंद खोलीत जावे लागले, जिथे कर्ज आणि वॉरंट्या विकतात. तिथे जे घडले ते सविस्तर लिहितो, कारण नवी आणि जुनी यांच्यातला खरा फरक शोरूममध्ये नव्हे, या टेबलावर कळला. लिंकनची नवी गाडी घेतली की संपूर्ण वॉरंटी ४ वर्षे किंवा ५०,००० मैल आणि इंजिन-गिअरबॉक्सची ६ वर्षे किंवा ७०,००० मैल असते. माझ्या गाडीची पहिली संपली आहे, पण दुसरी गाडीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे येते आणि ऑगस्ट २०२५ पर्यंत चालू आहे, ही गोष्ट मी विचारेपर्यंत कुणी काढली नव्हती. दुसरीकडे, अशीच एक गाडी कंपनीने प्रमाणित केलेली म्हणून २,५०० डॉलर जादा किमतीला होती. त्या प्रमाणपत्राबरोबर ६ वर्षे किंवा १,००,००० मैलांची संपूर्ण वॉरंटी येते. मात्र ती सहा वर्षे पहिल्या विक्रीच्या तारखेपासून मोजतात. दोन वर्षे वयाच्या गाडीला ते प्रमाणपत्र सोन्याचे आहे. पाच वर्षांच्या गाडीला त्यातले दहा महिने उरतात, आणि दहा महिन्यांसाठी २,५०० डॉलर मोजणे मला पटले नाही.

शेवटी ३,९०० डॉलरचा जादा सेवा करार पुढे आला. मासिक हप्त्यात तो किती किरकोळ दिसतो, हे मला तीन वेळा समजावण्यात आले. मी नको म्हटले आणि तिथेच मनात ठरवले की तेवढेच पैसे, राउंड फिगर ४,००० डॉलर, वेगळ्या बचत खात्यात ठेवायचे आणि त्याला हात लावायचा तो फक्त या गाडीसाठी. आजी पिठाच्या डब्यात नोटा ठेवायची, म्हणून खात्याचे नाव 'डबा' ठेवले आहे. सेवा कराराचे पैसे गाडी न बिघडल्यास त्यांचे होतात. डब्यातले माझेच राहतात.

जुनी सेडान ७,५०० ला त्यांनाच दिली. बाहेर विकली असती तर ८,००० च्या आसपास मिळाले असते. पण मिशिगनमध्ये अदलाबदलीत दिलेल्या गाडीची किंमत ठरावीक मर्यादेपर्यंत करातून वजा होते, त्यामुळे ६ टक्क्यांनी ४५० डॉलर वाचले आणि फरक जवळजवळ बुजला. कर २०,१०० डॉलरवर १,२०६ एवढा बसला. पतसंस्थेचे कर्ज १४,००० डॉलर, ६.७४ टक्क्यांनी, ४८ महिने, हप्ता ३३४. नव्या गाडीला व्याजदर यापेक्षा बराच कमी मिळत होता, हेही प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. नंबर प्लेटची वार्षिक फीसुद्धा इथे गाडीच्या मूळ छापील किमतीवर ठरते आणि पहिली तीन नूतनीकरणे दहा-दहा टक्क्यांनी उतरून मग तिथेच थांबते. म्हणजे गाडी अर्ध्या किमतीत मिळाली, तरी सरकारच्या लेखी ती नव्याच्या किमतीचीच राहते.

१२ ऑक्टोबर, दसरा

गाडी घरी आली. भारतीय दुकानात झेंडू मिळाला, आपट्याची पाने मिळाली नाहीत. चाकाखाली लिंबू ठेवले. बायकोने गाडी पहिल्यांदा चालवली आणि दोन गल्ल्या फिरून आल्यावर म्हणाली, "आवाजच नाही. आता तू हिच्याखाली झोपलास तरी चालेल."

२६ ऑक्टोबर

डब्यातून पहिला खर्च. चार नवे टायर, बसवण्यासह, १,०१२ डॉलर. ब्रेक फ्लुइड, मागच्या डिफरन्शियलचे (मागच्या चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या पेटीचे) तेल आणि पुढच्या ट्रान्सफर केसचे (मागच्या चाकांकडे ताकद पाठवणाऱ्या पेटीचे) तेल मिळून ४१० डॉलर. हे शेवटचे काम मी मुद्दाम करून घेतले. इंजिनाशेजारी असलेल्या या छोट्या पेटीत साधारण अर्धा लिटरच तेल असते, एक्झॉस्टच्या उष्णतेत ते भाजून निघते, आणि ते सहसा कोणी बदलत नाही. मेकॅनिकने काढलेले तेल डब्यात दाखवले: काळे, घट्ट आणि जळकट वासाचे. बाबांनी मान डोलावली आणि एवढ्याशा तेलावर इतके दात फिरवायचे म्हणजे धाडसच आहे, असे म्हणाले. डब्यात शिल्लक २,५७८.

२९ नोव्हेंबर

काल थँक्सगिव्हिंग. आज आई-बाबांना डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात नेले, अर्थात लिंकनमधून. कॅडिलॅक १९०२ मध्ये आणि लिंकन १९१७ मध्ये, अशा एकमेकींच्या वैरिणी असलेल्या दोन्ही कंपन्या हेन्री लेलँड या एकाच माणसाने उभ्या केल्या, आणि पुढे १९२२ मध्ये फोर्डने लिंकन ८० लाख डॉलरना घेतली, हे मी गाडीतच सांगितले. बाबांनी त्यावर स्वतःच्या लहानपणीची आठवण काढली: कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये क्रायस्लरच्या परवान्याने जुळलेल्या डॉज आणि प्लायमथ, आणि गावाकडच्या रस्त्यावर धूळ उडवत जाणारे फार्गो ट्रक. अमेरिकी गाडी म्हणजे अवजड आणि न मरणारी, ही त्यांची समजूत तिथली.

संग्रहालयात १९६१ ची ती लिंकन कॉन्टिनेंटल आहे, जिच्यात १९६३ मध्ये डॅलस येथे राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. विक्समला बनलेल्या या गाडीसमोर बाबा बराच वेळ थांबले. त्यांना थांबवले ते फलकावरच्या पुढच्या मजकुराने: हत्येनंतर ती मोडीत निघाली नाही, तिला पक्के छत आणि चिलखत बसवून ती पुन्हा सेवेत घेतली गेली आणि १९७७ पर्यंत नंतरच्या राष्ट्राध्यक्षांसाठी वापरात राहिली. "म्हणजे यांनीसुद्धा रिकंडिशन केली," ते म्हणाले. कार्यशाळेत बसच्या सांगाड्यावर नवी बॉडी चढवण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. त्यांना यात नवल नव्हते, समाधान होते.

२१ जानेवारी २०२५

कडाक्याची थंडी. सकाळी गाडीने टकटक केले आणि गप्प बसली. तपासणीत अशक्त ठरलेली मूळची बॅटरी मी दिवाळीपासून उद्या-परवा करत होतो. तेव्हा दोष सर्वस्वी माझा. ज्या गाडीची दारे विजेवर उघडतात, तिच्या बॅटरीबाबत चालढकल करू नये. नवी बॅटरी २६५ डॉलर. या महिन्यापासून डब्यात दरमहा १०० डॉलर टाकायचे ठरवले. शिल्लक २,४१३.

१६ मार्च

आई-बाबा गेल्या महिनाअखेरीस परत गेले. बर्फ वितळला की मिशिगनचे रस्ते आतून उकलतात, आणि काल संध्याकाळी पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात पुढचे उजवे चाक धाडकन आपटले. टायरला फुगा आला आणि रिम वाकली. रिम सरळ करायला १८५ आणि टायर २५३, एकूण ४३८. नव्या गाडीची वॉरंटी यातला एक पैसाही देत नाही, ही बायकोला सांगण्याजोगी गोष्ट मी लगेच सांगितली. १९ इंची चाक आणि त्यावरचा बारीक कडेचा टायर हा आलिशान गाड्यांचा शौक आहे आणि खड्डा गाडीचे वय विचारत नाही. शिल्लक २,१७५.

१२ जुलै

४ जुलैला सही झालेल्या करकायद्यात गाडीच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट आली आहे: २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी, वर्षाला जास्तीत जास्त १०,००० डॉलर व्याजापर्यंत, आणि तीही फक्त अमेरिकेत जोडणी झालेल्या नव्या गाडीवर, उत्पन्नाच्या मर्यादेत. ऑफिसमध्ये एकाने मला चिडवले, की तू चुकलास. म्हणून हिशेब पुन्हा मांडला. सीटी-५ साठी ४०,००० डॉलरचे कर्ज ४.९ टक्क्यांनी घेतले असते, तर पहिल्या वर्षी सुमारे १,८०० डॉलर व्याज गेले असते, आणि २२ टक्के कराच्या टप्प्यात त्यातले ४०० च्या आसपास परत मिळाले असते. शिवाय ही वजावट ३१ डिसेंबर २०२४ नंतर घेतलेल्या कर्जालाच आहे. मी ऑक्टोबरमध्ये नवी गाडी घेतली असती, तरी यातले काही मिळाले नसते. आज नव्याने विचार करणाऱ्याने मात्र हे ४०० डॉलर जरूर धरावेत, आणि त्यांच्यापुढे पहिल्या वर्षाचा घसारा मांडून पाहावा.

७ सप्टेंबर

इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी गेल्या महिन्यात संपली. आता गाडी आणि डबा, दोघेच. मागचे ब्रेक पॅड आणि डिस्क ५२० डॉलर, गिअरबॉक्सचे तेल २४०. शिल्लक २,०१५. बाबांचा फोन होता. गाडीची चौकशी आईच्या गुडघ्यांच्या आधी झाली.

२ नोव्हेंबर

हिवाळ्याआधी गाडीच्या पोटाला गंज रोखणारा लॅनोलिनचा (लोकरीतल्या मेणचट पदार्थाचा) थर मारून घेतला, १६० डॉलर. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि रस्त्यांवर टाकायचे मीठ तिथूनही निघते. लिफ्टवर चढलेल्या गाडीखाली उभे राहून सांगाड्याच्या कडेचे तांबूस पापुद्रे पाहताना तिची आठवण झाली. गेल्या वर्षापेक्षा गंज थोडा वाढला आहे. वसंतात पुन्हा पाहायचे.

वर्षाचा हिशेब आज पूर्ण केला. गाडी ५३,९०० मैलांवर आहे, म्हणजे आमच्याकडे १२,१०० मैल झाले. अशाच गाड्या आज २४,००० च्या आसपास मागतात. तेव्हा घसारा ३,६०० आणि डब्यातून गेलेले ३,०४५ मिळून ६,६४५, म्हणजे पेट्रोल आणि विमा सोडून मैलाला ५५ सेंट. याच गाडीला आमच्या आधी मैलाला ७६ सेंट पडले, तेही नुसत्या घसाऱ्याचे. आणि ज्या सीटी-५ चा भाव ५३,७०० ठरला होता, तसली वर्षभर वापरलेली गाडी काल ४३,५०० ला दिसली. तेवढ्याच मैलांना तिचा घसारा ८४ सेंट होतो. माझ्या आकड्यातले टायर आणि बॅटरी पुढच्या वर्षी पुन्हा लागणार नाहीत, आणि त्याऐवजी काय लागेल ते लिफ्टवर कळेल.

डब्यात आज २,०५५ डॉलर. पुढचे काम ६०,००० मैलांवर: ट्रान्सफर केसचे तेल पुन्हा, आणि स्पार्क प्लग तपासणे.